दोन बॅगा, एक फोटो

न्यू जर्सीच्या एका उपनगरात २४ वर्षं राहणाऱ्या वाचकाचं हे पत्र. ओळख पटणार नाही अशा बेताने, थोडक्यात देत आहोत:

"मार्चमधल्या एका संध्याकाळी आमच्या डोअरबेल कॅमेऱ्यात हुडी घातलेला एक कृष्णवर्णीय मुलगा दिसला. घरासमोर थांबला, फोनमध्ये पाहिलं, पुढे गेला. महिनाभर आधी जवळच्याच गल्लीतून गाडी चोरीला गेली होती, म्हणून तो फोटो मी आमच्या भारतीय शेजाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'सस्पिशियस, लक्ष ठेवा.' ग्रुपवर १४० जण आहेत. पोलिसांना फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, तो माझ्या मुलीच्या वर्गातला मुलगा. मागच्याच रस्त्यावर ऑगस्टपासून राहतो. कुणीतरी तो फोटो शाळेत त्यालाच दाखवला. माझी १६ वर्षांची मुलगी मला 'रेसिस्ट' म्हणाली आणि तेव्हापासून धड बोलत नाही. तो इथलाच आहे हे माहीत असतं तर मी फोटो टाकलाच नसता. आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, कुणी काही दिलं नाही, मेहनतीवर उभे राहिलो. त्यांना कायद्याने हक्क मिळून साठ वर्षं झाली. ज्याने त्याने आपापली जबाबदारी घ्यावी, एवढंच माझं म्हणणं. बायको म्हणते विषय वाढवू नका. मुलगी म्हणते जाऊन माफी मागा. काय करू?"

नमस्कार.

तुम्ही विचारलंत हे बरं केलंत. अशा वेळी बहुतेक जण ग्रुप म्यूट करतात आणि गप्प बसतात.

पत्रातल्या एका वाक्यापाशी थोडं थांबू या: 'तो इथलाच आहे हे माहीत असतं तर.' समजा, तो इथला नसता. मित्राकडे आला असता, शिकवणीचं घर शोधत असता, चुकून पुढच्या वळणाऐवजी या वळणावर आला असता. मग फोटो टाकणं बरोबर ठरलं असतं का? फुटपाथ सार्वजनिक आहे. घरासमोर थांबून फोनमध्ये पाहणं आणि पुढे जाणं हे पत्ता शोधणारा प्रत्येक माणूस करतो. तशीच हुडी घालून शेजारच्या जोश्यांचा मुलगा उभा असता, तर तुम्ही तो व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहिलाही नसता. गाडी चोरीला गेली, तिची धास्ती खरी आहे. पण ती चोरी आणि हा मुलगा यांना जोडणारा धागा त्या फोटोत एकच होता, त्याच्या कातडीचा रंग. तुमच्या मनात द्वेष आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या मुलीच्या शब्दाचा रोख मनावर असेल किंवा नसेल, पण १४० फोनवर जे पोहोचलं ते तुमचं मन नव्हतं. तो फोटो होता आणि एक शब्द होता.

असा शब्द कुठवर जातो, याची नोंद आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा सकाळी फिरायला निघाले होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना कळवलं की एक सडपातळ कृष्णवर्णीय माणूस घराघरांपाशी रेंगाळतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला इजा झाली, त्यांना अंशतः पक्षाघात झाला. आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, क्लीव्हलंडच्या एका बागेत टामीर राइस नावाचा १२ वर्षांचा मुलगा खेळण्यातल्या पिस्तुलाशी खेळत होता. ज्याने ९११ ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला, त्याने पिस्तूल बहुधा खोटं असेल आणि मुलगा बहुधा लहान असेल, हेही सांगितलं होतं. फोन घेणाऱ्यांनी ते पोलिसांपर्यंत पोचवलंच नाही. गाडी येऊन थांबल्यावर दोन सेकंदांच्या आत पोलिसाने गोळी झाडली. निरोप हातोहात जातो तसे त्यातले 'बहुधा' आणि 'कदाचित' गळून पडतात आणि रंग तेवढा शाबूत राहतो. तुम्ही पोलिसांना फोन केला नाहीत हे चांगलंच झालं, पण १४० जणांपैकी कुणी केला असता तर ते तुमच्या हातात राहिलं नसतं.

आता तुमचा दुसरा मुद्दा, दोन बॅगांचा. तो खोटा नाही. परक्या देशात पहिल्या हिवाळ्यात काय सोसावं लागतं हे इथल्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. पण त्या बॅगा एकदा पुन्हा उघडून पाहा. कुकर आणि गोडा मसाला होता, तसंच कपड्यांच्या घडीखाली प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये इंजिनिअरिंगची डिग्रीही होती. भारतातून इथे येणारे लोक चाळणीतून चाळून येतात. अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या प्रौढांपैकी चारातले साधारण तीन पदवीधर आहेत. भारतात हे प्रमाण याच्या आसपासही नाही. नायजेरियातून शिकून आलेली कुटुंबंही इथे पुढे गेलेली दिसतात. म्हणजे कातडीचा रंगच सगळं ठरवतो हेही खरं नाही, आणि 'आम्हाला जमलं तर त्यांना का नाही' ही तुलनाही टिकत नाही. निवडून आलेल्यांची तुलना तुम्ही साखळदंडांत आणलेल्यांच्या वंशजांशी करत आहात.

आणि 'कुणी काही दिलं नाही' हे तर मुळीच खरं नाही. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते. १९४६ साली दार किलकिलं झालं, तेही वर्षाला १०० भारतीयांपुरतं. ते खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही केली. तारखांची रांग पाहा: नागरी हक्क कायदा २ जुलै १९६४, मतदान हक्क कायदा ६ ऑगस्ट १९६५, आणि त्यानंतर दोन महिन्यांत हा. माणसाला जन्मावरून तोलायचं नाही, हे एकदा लंच काउंटरवर, म्हणजे दुकानातल्या खाण्याच्या टेबलापाशी, आणि मतपेटीपाशी मान्य केल्यावर व्हिसाच्या खिडकीपाशी नाकारणं अवघड झालं. मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात सेल्माच्या पुलावर ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्या पाठीवरून आपली रांग पुढे सरकली आहे. नोकरीत, घर घेताना, शाळेत तुमचं आडनाव ऐकून कुणी दार लावून घेतलं, तर तुम्ही ज्या कायद्याखाली तक्रार कराल तोही त्यांनीच मिळवलेला. १९८२ पासून सरकारी कंत्राटांतल्या अल्पसंख्याक उद्योजकांच्या सवलती भारतीय वंशाच्या व्यावसायिकांनाही लागू झाल्या, आणि त्या आपल्या लोकांनी अर्ज करून मागून घेतल्या होत्या.

साठ वर्षांचंही तसंच. साठ वर्षं पुरेशी आहेत की नाहीत, हे कशाची साठ वर्षं त्यावर ठरतं. मतदानाचा हक्क सही झाल्या दिवसापासून वापरता येतो. घराचं तसं नसतं. १९३४ पासून केंद्र सरकार गृहकर्जाला हमी देऊ लागलं. कमी व्याज, लांब मुदत, त्यामुळे साधा कामगारही घर घेऊ शकला. पण कृष्णवर्णीय वस्त्या नकाशावर लाल रंगवल्या गेल्या आणि तिथे हमी नाकारली गेली. नव्या उपनगरांत तर त्यांना घर विकायचंच नाही, अशी अट खरेदीखतातच असे. घर विकताना-घेताना भेदभाव करायला मनाई करणारा कायदा आला एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. त्याला खरे दात फुटले १९८८ च्या दुरुस्तीने. आता हिशोब करा. १९५५ साली तिशीतल्या ज्या गोऱ्या जोडप्याने हमीचं कर्ज काढून घर घेतलं, त्यांची मुलं आज सत्तरीच्या घरात आहेत आणि त्या घराची किंमत वारसाहक्काने नातवंडांकडे आत्ता, या वर्षांत जाते आहे. ज्याला तेव्हा कर्ज मिळालं नाही, त्याच्या नातवाकडे आत्ता काही येत नाही. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यम संपत्ती २,८५,००० डॉलर निघाली, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. पगारातल्या फरकाने एवढी दरी पडत नाही.

तुम्ही राहता त्या राज्यातलीच गोष्ट आहे. १९७० साली माउंट लॉरेल टाउनशिपमधल्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी ३६ साध्या घरांची परवानगी मागितली. पिढ्यान्‌पिढ्या ते त्याच मातीत राहत होते, पण गावात मोठ्या प्लॉटची महागडी घरं होऊ लागली आणि त्यांच्या मुलांना परवडेल असं काही उरलं नाही. महापौरांनी चर्चमध्ये येऊन सांगितलं, परवडत नसेल तर गाव सोडा. एथेल लॉरेन्स ही शिक्षिका त्या लढ्यात पुढे होती. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात १९७५ मध्ये जिंकला, पण घरं उभी राहायला २००० साल उजाडलं. तोवर एथेल लॉरेन्स वारल्या होत्या. तुमच्या टाउनशिपच्या बैठकीत 'अफोर्डेबल हाउसिंग' म्हटलं की जे नाराजीचे सूर निघतात आणि आपले लोकही त्यात सूर मिसळतात, त्याचा उगम तिथे आहे. पुढच्या वेळी विरोधाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी एवढं आठवावं.

जबाबदारी हा शब्द मात्र मला टाकून द्यायचा नाही. तो तुमच्याइतकाच कृष्णवर्णीय अमेरिकेचाही आहे. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगीच्या आपल्या शाळेत सुतारकाम, विटा, शेती शिकवत तोच धडा दिला. थॉमस सोवेल आणि शेल्बी स्टील हे कृष्णवर्णीय लेखक आजही तो हिरिरीने मांडतात. त्यांचं म्हणणं गंभीरपणे वाचावं. पण जबाबदारीचं सगळ्यात मोठं उदाहरण पाहायचं तर नागरी हक्क चळवळच पाहा. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध मॉन्टगोमेरीत कृष्णवर्णीय लोक ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. धुणीभांडी करणाऱ्या बायका मैलोन्‌मैल चालत कामावर गेल्या. नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना लंच काउंटरवर बसण्याआधी चर्चच्या तळघरात सराव दिला जाई. एकाने शिव्या द्यायच्या, मानेवर सिगारेट विझवल्याचं सोंग करायचं, आणि दुसऱ्याने हात उगारायचा नाही. उलट मारू नका, उलट बोलू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, असे नियम होते. ते शिकवणारे जेम्स लॉसन तीन वर्षं नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तिथे केला आणि मॉन्टगोमेरीच्या बहिष्काराची बातमीही त्यांनी नागपुरातल्याच वर्तमानपत्रात वाचली. एवढी शिस्त पाळणाऱ्या समाजाला शेजाऱ्याने जबाबदारी शिकवावी, हे मला अवघड वाटतं.

आणखी एक गोष्ट. जबाबदारीने वागलं की फळ मिळतं, हा तुमचा अनुभव आहे. सगळ्यांना ते सारखं मिळतं का? समाजशास्त्रज्ञ डीवा पेजर यांनी मिलवॉकीत तरुणांना साध्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायला पाठवलं. शिक्षण आणि अनुभव सारखे, फरक फक्त रंगाचा आणि कागदावरच्या तुरुंगवासाचा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्या तरुणाला १०० पैकी १७ ठिकाणांहून बोलावणं आलं. कधीच गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला १४ ठिकाणांहून. हा आकडा वाचल्यावर 'आपापलं बघा' म्हणताना जीभ अडखळायला हवी. घरात आई मुलाला 'अभ्यास कर' म्हणते, ते त्याच्या भल्यासाठी. तेच वाक्य शेजारी कुंपणावरून ओरडला, तर त्याचा अर्थ बदलतो. तुमच्या मागच्या रस्त्यावरच्या घरातही आई-बाप मुलाला रोज अभ्यास कर, वेळेवर ये, असंच सांगत असणार. शिवाय हुडीची टोपी डोक्यावर घेऊ नकोस, लोकांच्या दारापाशी थांबू नकोस, हेही सांगत असणार. आपल्याला मुलांना हे सांगावं लागत नाही.

तर जबाबदारी आता तुमच्या दारात आहे, आणि तिच्या बाबतीत तुमचं तत्त्व अगदी बरोबर आहे. आपलं आपण निस्तरायचं.

तुमच्या पत्नीची काळजी मला समजते. त्या कुटुंबाला काहीच माहीत नसतं, तर मीही म्हणाले असते की ग्रुपवर चूक दुरुस्त करा आणि त्यांच्या दारात जाऊन नवं ओझं टाकू नका. अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांनीही हा फरक लक्षात ठेवावा. पण इथे फोटो त्या मुलाने पाहिला आहे. आता गप्प राहिलात, तर त्या गप्पपणातून तो एवढंच वाचेल की या घराला ते बरोबर वाटतं.

आधी ग्रुप. व्हॉट्सअ‍ॅपवर आपला संदेश सगळ्यांसाठी पुसायची मुदत दोन-अडीच दिवसांची असते, ती तुमच्या हातून गेली आहे. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला तो सगळ्यांसाठी पुसता येतो का, हे त्यांना फोन करून विचारा. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपवर पोस्ट केला असेल तर तिथूनही काढा. पण नुसतं पुसू नका. त्याच ग्रुपवर, तुमच्या नावाने, चारच ओळी लिहा: मी अमुक दिवशी एका मुलाचा फोटो टाकून त्याला संशयित म्हटलं. त्याने काहीही केलं नव्हतं. ती माझी चूक होती. ज्यांनी फोटो पुढे पाठवला त्यांनी हा मजकूरही पाठवावा आणि फोटो पुसावा. मुलाचं नाव आणि घर लिहू नका, नाहीतर ज्यांना तो ठाऊक नव्हता त्यांनाही कळेल. कुणी 'सेफ्टी फर्स्ट' म्हणत अंगठा दाखवला, तर वाद घालत बसू नका. ग्रुपसाठी एकच नियम सुचवा: कोण दिसला ते लिहायचं नाही, काय केलं ते लिहायचं. गाडीची हँडलं ओढून पाहत होता, मागच्या अंगणाचं फाटक उघडलं, हे लिहिण्यासारखं. चालत होता, थांबला होता, हे नाही. गुन्हा डोळ्यांसमोर घडत असेल तर ९११. नुसती शंका असेल तर टाउनशिप पोलिसांचा बिनतातडीचा नंबर, तो आजच फ्रिजवर लावून ठेवा. बोलताना आधी कृती, मग दिशा आणि कपडे सांगा, रंग विचारला तरच. हातात जे दिसलं नाही त्याचा अंदाज सांगू नका. वंशावरून कुणाला धमकावण्यासाठी ९११ ला खोटा फोन करणं हा न्यू जर्सीत २०२० पासून गुन्हा आहे, हेही ग्रुपवर माहीत असू द्या.

मग मुलगी. ती कदाचित तुम्हाला त्या घरी घेऊन जायला तयार होईल. तिला ढाल करू नका, एकटे जा. आधी तिच्यापाशी बसा आणि वीस मिनिटं फक्त ऐका. 'पण' हा शब्द त्या वीस मिनिटांत येऊ देऊ नका. ती जे म्हणेल त्यातलं सगळं बरोबर असेलच असं नाही. बापाच्या २४ वर्षांच्या कष्टांना एका शब्दात मोडीत काढणं हाही अन्यायच आहे, आणि ते तुम्ही तिला सांगू शकता, मात्र माफी मागून आल्यावर. तुमच्या घरात 'काळ्या', 'कल्लू' हे शब्द सहज वापरले जात असतील तर ती ते लहानपणापासून ऐकत आली आहे. त्याबद्दल ती बोलेल. आजी-आजोबांचे भारतातून व्हिडिओ कॉल येतात तेव्हाही तुम्हीच शब्द दुरुस्त करा, तिच्यावर ते सोपवू नका. दोघांना मिळून काही वाचायचं असेल, तर मराठीतच सुरुवात आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. आणि १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतल्या साम्याबद्दल कळवलं होतं. त्याचं उत्तरही आलं होतं. भारतात घरमालक आडनावावरून जात ओळखून जागा आहे की नाही ठरवतो, हे तिला तुम्ही सांगू शकता. ते तिला शाळेत कुणी शिकवणार नाही.

शेवटी ते दार. शनिवारी किंवा रविवारी सकाळी अकराच्या सुमारास जा, जेवणाच्या वेळी नको, अंधार पडल्यावर तर नकोच. मिठाईचा डबा नेऊ नका. हातात डबा आला की समोरच्याला हसावं लागतं, तशी सक्ती त्यांच्यावर नको. मुलगा अल्पवयीन आहे, तेव्हा बोलणं आई-वडिलांशी. तुम्ही काय केलंत ते स्वतःच्या तोंडाने सांगा: तुमच्या मुलाचा फोटो मी १४० लोकांच्या ग्रुपवर टाकला आणि त्याला संशयित म्हटलं. त्याने काही केलं नव्हतं. मी चुकलो. ग्रुपवर मी हे लिहिलं आहे, पाहायचं असेल तर दाखवतो. बस. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' नको, 'गैरसमज झाला' नको, चोरीची गोष्ट नको, आम्हालाही इथे भेदभाव सोसावा लागतो हेही नको. त्यांच्याकडून समजून घ्यायचं म्हणून प्रश्न विचारत बसू नका. ते काम त्यांचं नाही. दोन मिनिटांत परत फिरा. ते रागावले तर ऐकून घ्या. काही न बोलता दार लावलं, तर तेही त्यांचं उत्तर आहे, पुन्हा बेल वाजवू नका. पुढे कधी रस्त्यात भेटले तर इतर शेजाऱ्यांना करता तसाच हात करा, जास्त नाही आणि कमीही नाही.

दार त्या मुलानेच उघडलं, तर त्याला दारातच गाठून बोलू नका. नाव सांगा, आई-बाबा घरी आहेत का विचारा, आणि ते येईपर्यंत पायरी उतरून खाली उभे राहा.